काकूंचं म्हणणं

कॉलनीत पानं उडवणाऱ्या लीफ ब्लोअरचा घरघराट सुरू झाला की मला कळतं, आता आमच्याकडचा तो करडा काळ आला. मेपलची ओली पानं, तळहाताएवढी, गाडीच्या काचेला चिकटून बसतात. वायपर लावला तरी एखादं हटत नाही. दुपारचं जेवण उरकून जरा टेकावं तर संध्याकाळच होते. आमच्या बेलव्ह्यू शहरातल्या काचेच्या इमारतींत चार वाजताच दिवे लागतात आणि खाली फ्रीवेवर गाड्यांच्या लाल दिव्यांची ओळ हलेनाशी होते. इथला पाऊस धड पडतही नाही, हवेत नुसता लोंबकळत असतो. पुण्या-मुंबईहून नव्याने आलेली मंडळी या दिवसांत हमखास कोमेजतात. एकमेकांना व्हिटॅमिन डीच्या गोळ्यांची नावं सांगतात, डिसेंबरची तिकिटं बघतात. मीही तेच करायची.

आता करत नाही. ओल्या सीडरच्या झाडांचा वास नाकात शिरला की मला एक स्वयंपाकघर आठवतं. खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली, ओट्यावर आलं किसून ठेवलेलं, आणि टेबलापाशी जाड स्वेटर घालून बसलेल्या कुमुदकाकू. हे त्यांचं खरं नाव नाही. तुमच्यावर लिहू का, म्हणून फोन करून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाव बदल. बाकी काही बदलू नकोस. आणि मला गरीब बिचारी करू नकोस." अशिलाने सांगितलेलं वकिलाला ऐकावं लागतं.

मी वकील आहे हे आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या अर्ध्या लोकांना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते मला व्हिसाचे प्रश्न विचारतात. व्हिसातलं मला काही कळत नाही. नागपूरला लॉ केलं, थोडे दिवस जिल्हा कोर्टात एका सीनियरांच्या मागे फायली घेऊन फिरले, मग लग्न होऊन इथे आले, पुन्हा शिकले, इथली परीक्षा दिली आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत करार तपासायच्या कामाला लागले. करारातलं प्रत्येक वाक्य वाचायचं आणि विचारायचं, यात काय बिघडू शकेल? जे बिघडू शकेल ते काढून टाकायचं. रिस्क दिसली की कापायची. बरीच वर्षं हेच केलं आणि त्यात हातही चांगला बसला. पण कोर्टात उभी राहून एक वाक्य बोलले नव्हते. माझा अशील म्हणजे कंपनी. तिला चेहरा नाही, ती रडत नाही, आणि आल्यागेल्याला चहाही विचारत नाही.

एका वर्षी माझी मॅनेजर मला म्हणाली, तू पक्की आहेस, पण वाढायची थांबली आहेस. कंपनी आपल्या वकिलांना लोकांची कामं फुकट करायला वेळ देते, ते एकदा करून बघ. मला रागच आला. एवढी वर्षं घासल्यावर ही मला शिकाऊ उमेदवारासारखं बाहेर पाठवतेय असं वाटलं. राग गिळून नाव नोंदवलं.

लायब्ररीच्या एका खोलीत आमचं ट्रेनिंग झालं. शिकवायला कॅरल होती. कॅरल रिटायर झालेली वकील, उभा जन्म कोर्टात गेलेला, केस कापसासारखे, पायात पावसाळी बूट. तिच्या परसातल्या झाडाची आंबटढाण सफरचंदं ती पिशवीतून आणायची आणि बोलता बोलता चाकूने फोडी करून आम्हाला वाटायची. तोंड वेडंवाकडं झाल्याशिवाय तिचा एकही धडा पुरा व्हायचा नाही. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, "तुमच्या अशिलाच्या भल्याचं काय आहे, हे सांगायला त्या खोलीत पुष्कळ माणसं असतील. डॉक्टर असतील, मुलं असतील, जज्ज असेल. तिला काय हवंय, हे सांगणारं माणूस एकच असतं. ते तुम्ही."

ऐकताना हे सोपं वाटलं.

मग एका दुपारी कॅरलचा फोन आला. "तुला मराठी येतं ना? एक केस आहे. गार्डियनशिपची." गार्डियनशिप म्हणजे मोठ्या, सज्ञान माणसाचे निर्णय कोर्टाच्या हुकमाने दुसऱ्याच्या हाती द्यायचे. कुठे राहायचं, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, घर ठेवायचं की विकायचं, सगळं. एका बाईंच्या मुलाने तसा अर्ज केला होता. बाई पंचाहत्तरी उलटलेल्या. त्या वसंतात त्यांना स्ट्रोक येऊन गेला होता. "रिपोर्टमध्ये लिहिलंय की त्या गोंधळलेल्या आहेत, प्रश्नांना उत्तरं देत नाहीत," कॅरल म्हणाली, "पण घरी गेलेल्या नर्सने खाली एक ओळ लिहिली आहे. बाई स्वतःच्या भाषेत भरपूर बोलतात, म्हणून."

बेलव्ह्यूच्या जुन्या भागात, नव्या टोलेजंग घरांच्या मधे दबून बसलेलं एक बुटकं घर होतं. दार उघडून आत गेलं की लगेच अर्ध्या पायऱ्या वर, अर्ध्या खाली. काकू वरच्या पायरीवर कठड्याला धरून उभ्या होत्या. उजवा हात जरा अवघडलेला. मी कोटावरचं पाणी झटकत म्हटलं, "नमस्कार काकू. मी अश्विनी. वकील आहे."

त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं.

"माझी का त्याची?"

"तुमची."

"मग वर ये. जोडे तिथेच काढ, ओले आहेत."

त्या दिवशी मी काहीच वकिली केली नाही. फक्त ऐकलं. पुढे कित्येकदा वाटलं, खरी वकिली बहुतेक तीच होती. काकू मूळच्या सांगलीच्या. नवरा विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. तो केव्हाच वारला. आणि काकू? काकूंनी उभं आयुष्य शाळेची पिवळी बस चालवली. साडी नेसून आलेल्या बाईने पाच-सहा वर्षांत बसचं लायसन्स काढलं होतं. "इथल्या बायका म्हणायच्या, तुला जमणार नाही. मंडळातल्या बायका म्हणायच्या, शोभत नाही. मला दोन्ही ऐकू आलं नाही. इंजिनाचा आवाज मोठा असतो गं."

स्ट्रोकने त्यांचं इंग्रजी नेलं होतं. म्हणजे समोरच्याचं बोलणं बरंचसं कळायचं, पण बोलायला गेलं की शब्द हाती लागायचे नाहीत. "जिभेवर येतो आणि सटकतो. ओल्या साबणासारखा." मराठी मात्र जशीच्या तशी, सांगलीच्या हेलासकट. आणि इंग्रजीतलं राहिलं होतं ते बसमधलं. वर्षानुवर्षं रोज सकाळ-संध्याकाळ ओरडून ओरडून खोल रुतलेलं. सिट डाऊन, प्लीज. नो पुशिंग. हँड्स इनसाइड.

"मग डॉक्टरांशी काय झालं, काकू?"

त्यांच्या चेहऱ्यावर लाज आणि हसू एकदम आलं. "तो मुलगा चांगला होता. पण सारखा उभं राहून वाकायचा माझ्यावर. प्रश्नावर प्रश्न. मला म्हणायचं होतं, बाबा, जरा हळू. ते येईना. तोंडातून निघालं, सिट डाऊन, प्लीज! त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. मी पुन्हा म्हटलं, सिट डाऊन! मग तो खरंच बसला आणि खूप लिहिलं."

आम्ही दोघीही हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग काकूंनी डोळे पुसले आणि त्या पुसतच राहिल्या.

मी काय सांगतेय ते नीट कळावं म्हणून जयबद्दल सांगते. जय म्हणजे काकूंचा मुलगा, इथेच जन्मलेला, आता दूर, विमानाने जायच्या अंतरावर, फ्रीमाँटला राहणारा, एका टेक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याने आईसाठी त्याच्या घराजवळ एक जागा पाहून ठेवली होती. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांना ठेवतात तशी. स्वच्छ, महागडी, चोवीस तास माणसं. काकूंचं हे घर विकायचं असं त्याने ठरवलं होतं. दुष्ट वगैरे तो मुळीच नव्हता. स्ट्रोकनंतर आई एकदा अंघोळीनंतर पडली होती आणि कितीतरी वेळ तशीच होती. एकदा गॅसवर भांडं करपून घरभर धूर झाला होता. ते सगळं त्याने अर्जात लिहिलं होतं आणि ते सगळं खरं होतं.

खरं तर मलाही त्याचंच पटत होतं. त्या पायऱ्या पाहिल्या की माझ्यातली करार तपासणारी बाई जागी व्हायची. इथे घसरतील. तिथे आपटतील. माझी स्वतःची आई नागपुरात एकटी राहते आणि दर रविवारी फोनवर मी तिला भावाकडे जाऊन राहा म्हणून छळत असे. मी कॅरलला म्हटलं, "मुलाचं चुकतंय कुठे? माझंही तेच मत आहे." कॅरलने सफरचंदाची फोड माझ्या हातावर ठेवली. "तुझं मत मांडायचं असेल तर ही केस सोड. तिचं मांडायचं असेल तर थांब."

नागपूरच्या कोर्टात एक शब्द रोज कानावर पडायचा. समोरच्या पक्षाने अर्ज केला की जज्ज म्हणायचे, तुमचं म्हणणं दाखल करा. उत्तर नाही, खुलासा नाही, म्हणणं. तेव्हा तो मला नुसता कागदाचा प्रकार वाटायचा. सीनियर सांगायचे आणि मी टाइप करून आणायचे. त्या करड्या दुपारी फ्रीवेवरून परतताना, पुढच्या गाडीचे लाल दिवे काचेवर पसरलेले असताना, तो शब्द मला अचानक आठवला. काकूंनाही काही म्हणायचं होतं, आणि इतके दिवस ते कुणी दाखलच करून घेतलं नव्हतं.

पहिल्या तारखेला माझे हातपाय गार पडले होते. कोर्टाची खोली छोटीशी, हीटरचा वास, बाकांवर ओले कोट. कॅरल माझ्या मागच्या बाकावर. जय त्याच्या वकिलाशेजारी, सूट घातलेला, डोळे जागरणाने सुजलेले. भिंतीवरच्या स्क्रीनवर दुभाषी आले, काकूंना नमस्कार केला आणि हिंदीत बोलायला लागले.

कुठेतरी कुणीतरी भारतीय म्हणजे हिंदी असं लिहिलं होतं. काकूंना हिंदी कळायचं, पण बोलायची सवय नव्हती. त्या मराठीत उत्तर द्यायच्या आणि दुभाषी बिचारे अंदाजाने सांगायचे. तब्येत कशी आहे, असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, "तशी बरी आहे, पण हाताला कळा लागतात." दुभाष्यांनी सांगितलं की हाताचं त्यांना काही कळत नाही. जज्जबाईंनी मान हलवून लिहून घेतलं.

मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा केवढा मोठा आवाज झाला. "युवर ऑनर, ही त्यांची भाषा नाही."

जज्जबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. "वकीलबाई, तुम्हाला ती भाषा येते ना? मग तुम्हीच सांगा. सगळ्यांचा वेळ वाचेल."

किती सोपं होतं! काकू माझ्याकडे आशेने बघत होत्या. मला सगळं कळत होतं, सांगताही आलं असतं. पण त्याच क्षणी लक्षात आलं की मी त्यांची वकील आहे; मीच त्यांची जीभही झाले तर त्या खरंच काय बोलल्या आणि मी काय जोडलं, हे कुणाला कधी कळणार? मग काकूंच्या शब्दाला वजनच राहणार नाही. म्हटलं, "नाही, युवर ऑनर. मला त्यांची बाजू मांडायची आहे. त्यांचे शब्द त्यांचेच राहायला हवेत. मला मराठीचा दुभाषी हवा आहे, आणि डॉक्टरांची तपासणीही मराठीतून पुन्हा व्हायला हवी." कोर्टात उभी राहून एवढं मी कधी बोलले नव्हते. पण वाक्यं संपली.

जयच्या वकिलाने हरकत घेतली. उशीर म्हणजे धोका, रोज धोका. जज्जबाईंनी थोडा विचार केला आणि पुढची तारीख दिली.

बाहेर पार्किंगमध्ये जय माझ्या गाडीपाशी आला. त्याचं मराठी म्हणजे आईशी बोललेलं घरातलं मराठी. त्यात 'तुम्ही' नव्हतंच. "अश्विनी, तू मराठी आहेस यार. तुला कळत नाही? ती पडली तर? इफ शी डाइज ऑन दोज स्टेअर्स? तुझी आई असती तर?"

"जय, तुझ्या वकिलाशिवाय मला तुझ्याशी या विषयावर बोलता येणार नाही."

"अनबिलिव्हेबल," तो म्हणाला आणि पावसात तसाच उभा राहिला.

नियमच होता तो. पण दिवाळीच्या फराळाला जिथे आपण एकमेकांच्या ताटात चकल्या वाढतो, तिथल्या माणसाशी असं बोलताना आपणच परके वाटतो. गाडीत बसून मी कितीतरी वेळ किल्लीच लावली नाही.

पुढची तारीख येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. मुदत मी मागितली होती. त्या मुदतीत काकू पडल्या असत्या तर? सकाळी दात घासताना तोच विचार, मीटिंगमध्ये तोच विचार. एका शनिवारी कागद दाखवायला गेले तर दारापुढच्या पायऱ्यांवर ओल्या पानांचा थर. कॅरलला फोन केला, वकिलाने पायऱ्या झाडाव्यात का? ती खळखळून हसली. "झाड की. पण तिला विचारून." विचारलं. काकू म्हणाल्या, "झाडू गॅरेजमध्ये आहे. कोपऱ्यातली पण काढ, नुसती मधली नको." वर खिडकीत उभ्या राहून त्यांनी सगळ्या कामावर देखरेख केली.

मराठीतली तपासणी झाली. काही गोष्टींत त्या खरंच विसराळू होत्या, हे नव्या रिपोर्टनेही लिहिलं. पण आपल्याला काय हवंय आणि त्यात काय धोका आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यानंतर जयचा वकील स्वतःहून म्हणाला, एकदा सगळे बसून बोलू. आम्ही काकूंच्या स्वयंपाकघरात बसलो. मी, तो वकील, जय आणि काकू. फोनच्या स्पीकरवर नवीन दुभाषी बाई. काकूंनी सगळ्यांना आल्याचा चहा दिला. डाव्या हाताने, सावकाश, कुणालाही मदत करू न देता. जय प्रत्येक कपागणिक अर्धा उठायचा आणि परत बसायचा.

मी ठरवून आले होते ते मुद्दे बाजूला राहिले. जयच बोलायला लागला. इंग्रजीत, आईकडे न बघता. रोज सकाळी ऑफिसला जाताना तो फ्रीवेवरून तिला फोन करायचा. तिने उचलला नाही की पुढचे सगळे मैल त्याच्या डोळ्यांसमोर त्या पायऱ्या यायच्या. गाडी बाजूला घेऊन तो शेजाऱ्यांना फोन लावायचा. "आय कान्ट डू धिस एनीमोअर, आई," तो म्हणाला, आणि पन्नाशीच्या जवळचा तो माणूस कपाच्या कानाशी खेळत रडायला लागला.

काकूंना ते सगळं कळलं. दुभाषी बाई सांगायला लागल्या तर त्या फोनकडे बघून 'राहू दे' म्हणाल्या. मग जयकडे वळून म्हणाल्या, "तू पहिलीत होतास तेव्हा माझ्याच बसमध्ये असायचास. पोरं चिडवायची म्हणून म्हणालास, आई, माझ्याकडे बघू नकोस. मी मान वळवली नाही कधी. पण आरशात बघायचे. रोज. तू उतरून शाळेच्या दारात शिरेपर्यंत. तुझा जीव टांगणीला लागतो ते मला कळतं रे. माझाही लागायचा. पण मी कधी बस सोडून तुझ्यामागे वर्गात आले का?"

जयने मान हलवली. नाही.

"मग तूही आरशातून बघ."

दुभाषी बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. समोरच्या वकिलाने कोरा कागद पुढे ओढला. आणि मग, जणू कुणीतरी खिडकी उघडली, तसं काम सुरू झालं. गॅस काढून इंडक्शन लावायचा. झोपायची खोली खाली आणायची. सकाळी एक बाई येईल. पडलं-झडलं तर दाबून मदत बोलवायचं बटण काकू गळ्यात घालतील. "पण मंडळात जाताना काढणार, बिल्ल्यासारखं दिसतं." आणि आजारपणाचे, बँकेचे निर्णय घ्यायची वेळ आली तर ते जयने घ्यावेत, असं काकू स्वतः लिहून देतील. कोर्टाने काढून घेऊन नव्हे. स्वतःहून दिलेलं.

दुसऱ्या तारखेला स्क्रीनवर त्याच मराठी दुभाषी होत्या. जज्जबाईंनी काकूंना बरेच प्रश्न विचारले. शेवटचा होता, घरात धूर झाला तर काय कराल?

"आधी मुलं उतरवायची," काकू ताडकन म्हणाल्या.

जयने डोळे मिटले. मला मध्ये पडावंसं वाटत होतं; मी ओठ घट्ट मिटून बसले. ते गप्प बसणं मला आजवरच्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा जड गेलं.

काकूंनी आमचे चेहरे पाहिले आणि त्या हसल्या. "बस चालवायचे ना, सवय आहे. आता मुलं नाहीत. म्हणजे आता आधी मी उतरायचं. बाहेर जायचं, गळ्यातलं बटण दाबायचं, आणि काही विसरलं म्हणून परत आत जायचं नाही."

जज्जबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी सैलावलं. गार्डियनशिपची गरज नाही, असा निर्णय त्यांनी तिथेच दिला. बाहेर आल्यावर जयने माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "आय होप यू आर राइट." मीही मनात तेच म्हणत होते.

त्यानंतर काय बदललं, असं मॅनेजरने पुढच्या रिव्ह्यूमध्ये विचारलं तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. बदल लहान लहान होते. सेल्सची पोरं करार घेऊन यायची तेव्हा पूर्वी मी थेट लाल शाई लावायला घ्यायची. आता आधी विचारते, तुम्हाला यातून नेमकं काय हवंय? आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसते. कधी कधी त्यांना ती रिस्क समजून-उमजून घ्यायची असते. मग ती कापायची नसते, नीट मांडायची असते. समोरच्या कंपनीचा वकील चिडला की आता मला त्याच्यामागे फ्रीवेच्या कडेला गाडी थांबवलेला एखादा जय दिसतो, आणि माझा आवाज आपोआप खाली येतो. आईला रविवारी फोन करते, पण हुकूम सोडत नाही. आणि दर वर्षी, पानं गळायला लागली की, कॅरलच्या त्या खोलीत जाऊन एखादी केस मागून घेते. उभं राहताना खुर्चीचा आवाज अजून होतो. पाय मात्र आता गार पडत नाहीत.

काकू त्या घरात त्यानंतर दोन हिवाळे राहिल्या. एकदा पडल्या, मनगट मुरगळलं, बटण दाबलं. जय विमानाने आला, चार दिवस राहिला, काही न बोलता परत गेला. अधूनमधून मी त्यांच्याकडे चहाला जायची. केस संपली होती; आता मी जोडे काढून सरळ वर जायची.

मग पुन्हा असाच नोव्हेंबरचा शेवट होता. काकूंचा फोन आला, "येऊन जा. कागदाचं काम नाही."

गेले. चार वाजले होते आणि बाहेर अंधारून आलं होतं. त्यांनी दिवा लावलेला नव्हता. मी लावायला गेले तर म्हणाल्या, "असू दे. मला तुला काहीतरी सांगायचंय. मी जयकडे जायचं ठरवलंय. त्या जागेत नाही. त्याच्या घरी."

मी विचारलं, "कुणी काही म्हणालं का?"

"कुणी नाही. तेच तर." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "अशी संध्याकाळ झाली ना, की मला भीती वाटते. या घराची, पायऱ्यांची, उद्याची. सगळ्याचीच."

"केव्हापासून, काकू?"

"पहिल्यापासून गं. तू पहिल्यांदा आलीस ना ओले जोडे घालून, तेव्हाही वाटत होती."

कितीतरी दुपारी आम्ही समोरासमोर बसलो होतो. "मग मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? तेव्हा सांगितलं असतं, तर कोर्टात तो माझ्याच विरुद्ध पुरावा झाला असता." त्यांनी माझा हात आपल्या अवघडलेल्या हातात घेतला. "आता ती नुसती भीती आहे. माझी. आता मी ती कुणालाही सांगू शकते."

बाहेर कुणाच्या तरी गाडीचे दिवे भिंतीवरून सरकत गेले. मी एवढी वर्षं जे शिकले होते, दोन देशांत, दोन परीक्षा देऊन, ते सगळं त्या अंधाऱ्या खोलीत मला पहिल्यांदा पुरतं समजल्यासारखं वाटलं. नुसता त्यांचा हात धरून बसले.

"चल," काकू म्हणाल्या, "जयला फोन लाव. बोलेन मीच."

मी फोन लावून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. तो ऑफिसातून निघत होता बहुतेक. मागे दारांचे, माणसांचे आवाज येत होते. काकू म्हणाल्या, "जय, मी येते तुझ्याकडे. राहायला."

पलीकडचे आवाज एकदम कमी झाले; तो कुठेतरी बाजूला जाऊन उभा राहिला असावा. वाटलं, तो आता काय काय ठरवून टाकेल, तारीख, तिकीट, सामान, घराचं काय करायचं. काकूही वाट बघत होत्या.

मग त्याच्या त्या मोडक्या, घरातल्या मराठीत त्याने विचारलं, "आई, तुला कुठली रूम पाहिजे?"